नदीपलीकडची मैत्रीण

ताई,

नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षांपूर्वी जोहान्सबर्गला आले. आता मीही इथे एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण झिम्बाब्वेची, हरारेजवळच्या गावातली. बारा वर्षं झाली तिला इथे येऊन. आम्ही डबा एकत्र खातो. गेल्या महिन्यात तिची बहीण, सात महिन्यांची गरोदर, सरकारी क्लिनिकला गेली, तर फाटकावर उभ्या असलेल्या काही माणसांनी ओळखपत्र मागून तिला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता मैत्रीण मला म्हणाली, "तू समुद्रापलीकडून आलीस, तुला कुणी विचारत नाही. मी नदीपलीकडची, मला रोज विचारतात." मला काही बोलता आलं नाही. तिचा चौदा वर्षांचा मुलगा शाळेत सांगतो की आम्ही लिम्पोपोचे, म्हणजे इथल्याच उत्तरेकडच्या प्रांतातले, व्हेंडा जमातीचे आहोत. टॅक्सीत तिने शोनामध्ये, म्हणजे तिच्या भाषेत, फोन घेतला की तो तिचा हात दाबतो. आता ती त्याला कायमचं आजीकडे पाठवायचं म्हणतेय. मी तिला काय सांगू? आणि मुळात सांगणारी मी कोण? (अगं-तुगं केलंत तरी चालेल.)

– स., जोहान्सबर्ग

प्रिय स.,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तिथेच मी एकदा तोंडावर आपटले आहे.

मीही जोहान्सबर्गला सहा वर्षं काढली. आमच्या कॉम्प्लेक्सच्या बागेत काम करायला मलावीचे एक गृहस्थ यायचे. पहिल्याच हिवाळ्यात त्यांना चहा देता देता मी म्हणून गेले, "तुम्हाला इथे परकं वाटत नसेल ना, शेवटी सगळी आफ्रिकाच." त्यांनी दोन्ही हातांनी कप घेतला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, माझं घर बसने दोन दिवसांवर आहे. मध्ये तीन सरहद्दी लागतात." एवढंच. मग ते कडेला जाऊन चहा प्यायले. चेन्नईत भाड्याची खोली शोधत फिरणाऱ्या नाशिकच्या पोराला कुणी 'शेवटी सगळा भारतच' असं सांगितलं, तर तो काय म्हणेल याचा विचार मी त्या संध्याकाळी केला. आणि तो तर एकाच देशात असेल, पासपोर्टविना.

तेव्हा सांगणारी तू कोणी नाहीस, आणि तिने तुझ्याकडे तोडगा मागितलेलाही नाही. तिने तुला एक निरीक्षण सांगितलं, आणि ते अचूक आहे. 'असं काही नाही गं, मलाही इथे परकं वाटतं' असं चुकूनही म्हणू नकोस. तुझं परकेपण वेगळ्या जातीचं आहे.

उद्या ऑफिसात नीट बघ. तुझ्या टेबलाशी येणारा माणूस तुझ्याशी आपोआप इंग्रजीत बोलतो. तोच पुढच्या टेबलाशी गेला की झुलू सुरू करतो. ती इंग्रजीत उत्तर देते, आणि त्या क्षणी त्याच्या मनात दोनपैकी एक गोष्ट येते: ही बाई शिष्ट आहे, नाहीतर बाहेरची आहे. दिवसातून दहा-पंधरा वेळा हे होतं. तुझं परकेपण चेहऱ्यावरच दिसतं, म्हणून तुझ्याकडून कुणाची अपेक्षा नसते. चार शब्द झुलू बोललीस की टाळ्या पडतात. तिने चारशे बोलले तरी पाचव्या वाक्याला हेल पकडला जातो.

अपेक्षा तिच्याही होत्या, आणि खरं दुखणं तिथे आहे. ती लहानपणापासून ऐकत आलेली असणार की आपल्या देशाने दक्षिण आफ्रिकेच्या स्वातंत्र्यासाठी किंमत मोजली आहे. खोटं नाही ते. मंडेलांच्या एएनसी पक्षावर बंदी होती तेव्हा त्याचं मुख्यालय झांबियातल्या लुसाकात होतं. १९८१ मध्ये मोझांबिकच्या मातोलावर, १९८५ मध्ये बोत्स्वानाच्या गाबोरोनवर आणि १९८६च्या मे महिन्यात खुद्द हरारेवर वर्णद्वेषी सरकारच्या सैन्याने हल्ले केले, कारण या शेजाऱ्यांनी एएनसीच्या लोकांना आसरा दिला होता. ज्यांच्यासाठी आपण मार खाल्ला त्यांच्या घरी गेलो आणि दारातच 'कोण तुम्ही' असं विचारलं गेलं, तर कसं वाटेल? परक्याने हाकललं तर राग येतो. चुलतभावाने हाकललं तर माणूस स्वतःलाच तपासत बसतो.

आता त्या चुलतभावाचीही बाजू ऐक, कारण तुझी मैत्रीण रागाच्या भरात ती ऐकणार नाही आणि तू मात्र ऐकायला हवी. जोहान्सबर्गमधल्या अलेक्झांड्रासारख्या गरीब वस्तीत वाढलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलाला १९८६ आठवत नाही. त्याला हे माहीत आहे की देशात काम करू पाहणाऱ्या दर तीन माणसांमागे जवळपास एकाला काम नाही, क्लिनिकची रांग पहाटे चारला लागते, आणि रेस्टॉरंटात नोकरी मिळाली ती झिम्बाब्वेच्या माणसाला, कारण तो कमी पगारात, कागदांच्या भीतीने तोंड बंद ठेवून काम करतो. त्या मालकाला कुणी जाब विचारत नाही. २०२२च्या जनगणनेत परदेशात जन्मलेले सुमारे २४ लाख लोक मोजले गेले. सहा कोटी वीस लाखांच्या देशात हे चार टक्केसुद्धा होत नाहीत. त्यातले निम्म्याच्या जवळपास झिम्बाब्वेचे आहेत, म्हणून सगळा राग एकाच हेलावर निघतो.

'बाहेरच्याने यावं, राबावं, परत जावं' ही समजूत तर या शहराच्या पायातच आहे. १८८६ मध्ये इथे सोनं सापडलं, आणि पुढे खाणींसाठी मोझांबिक, मलावी, लेसोथोतून पुरुष आणले गेले. बायकामुलं आणायची नाहीत, हॉस्टेलात राहायचं, करार संपला की गाडीत बसायचं. सोनं काढणारा माणूस इथलाच होऊन जाईल, असा विचार कुणी केलाच नव्हता.

तुझ्या मैत्रिणीला पाठीमागून जो शब्द ऐकू येत असेल तो 'मक्वेरेक्वेरे'. त्या शब्दाला तसा अर्थ नाही. समोरच्याची भाषा आपल्या कानाला जशी ऐकू येते तिची ती नक्कल आहे, क्वेरेक्वेरे. आपल्याला हे नवं नाही. आपण दाक्षिणात्यांच्या बोलण्याला 'यंडुगुंडु' म्हणत आलो आहोत, आणि म्हणताना हसतही आलो आहोत. २००८च्या फेब्रुवारीत मुंबई-नाशकात उत्तरेकडच्या टॅक्सीवाल्यांना मारहाण झाली, कामगार गाड्या भरभरून गावी पळाले. त्याच वर्षी मे महिन्यात अलेक्झांड्रात सुरू झालेली दंगल दक्षिण आफ्रिकाभर पसरली आणि ६२ माणसं मेली. मैत्रिणीशी बोलताना 'आमच्याकडे असलं काही नसतं' असा सूर लागू देऊ नकोस, एवढ्यासाठी हे सांगते. उलट यंडुगुंडुची गोष्ट तिला सांग. ती बहुधा हसेल, आणि तुमच्यातलं थोडं अंतर तिथे कमी होईल.

त्या ६२ जणांबद्दल एक गोष्ट मात्र मुलाच्या प्रश्नाशी जोडलेली आहे, म्हणून थोडी थांबते. जमाव माणसं अडवून विचारायचा, कोपराला झुलूत काय म्हणतात? उत्तर 'इंदोलोल्वाने'. रोजच्या बोलण्यात कोपर हा शब्द कितीदा येतो? तुझ्या मुंबईत वाढलेल्या भाच्याला 'घोटा' विचारून बघ. ज्याला शब्द आला नाही तो बाहेरचा. आणि त्या ६२ पैकी २१ जण दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक निघाले. झुलू नीट न बोलणारे, उत्तरेकडच्या सरहद्दीलगतच्या भाषा बोलणारे लोकही या चाळणीत अडकत. ज्या व्हेंडांच्या आड तुझ्या मैत्रिणीचा मुलगा लपू बघतो आहे, त्यांनाही स्वतःच्याच देशात ही परीक्षा चुकत नाही.

पण मुलावर ओरडू नका, असं तिला सांग. चौदा वर्षांच्या पोराने चोरी केलेली नाही, शोधून काढलेली एक युक्ती आहे ती, आणि हुशारीची आहे. व्हेंडा लोक सरहद्दीवरच्या लिम्पोपो नदीच्या दोन्ही काठांवर राहतात, त्यामुळे त्याचा उच्चार थोडा घसरला तरी खपून जातो. तो दोन वर्षांचा असताना इथे आला. त्याला स्वप्नं कोणत्या भाषेत पडतात कुणास ठाऊक. टॅक्सीत तो आईचा हात दाबतो, तो लाजेने दाबतो असं ती धरून चालली आहे. मला वाटतं तो भीतीने दाबतो. ती टॅक्सी म्हणजे काय हे आपल्याकडच्या वाचकांसाठी सांगते: पंधरा माणसांची व्हॅन, गुडघ्याला गुडघा. मागून पैसे हातोहात पुढे जातात, पुढे बसलेला हिशेब करून सुट्टे परत पाठवतो, आणि उतरायचं असेल तर मोठ्याने ओरडून सांगावं लागतं. म्हणजे तोंड उघडल्याशिवाय प्रवासच होत नाही. अशा गाडीत आईचा फोन वाजतो, पडद्यावर आजीचा नंबर असतो, आणि आजी तर नदीपलीकडे आवाज पोचवायचाच अशा थाटात बोलणार.

हात दाबणं त्याला करू दे. टॅक्सीत फोन घेऊ नये हा घरातला साधा नियम होऊ दे, जसा जेवताना फोन नाही. त्याला मोठा अर्थ चिकटवू नका. मात्र उंबऱ्याच्या आत शोना बोलायची, तीही पूर्ण आवाजात. लपायची जागा त्याच्याकडे आहेच. जिथे लपावं लागत नाही अशी एक जागाही त्याला हवी. ती जागा नसेल तर विशीत हा मुलगा आईला विचारेल की तू मला काहीच का दिलं नाहीस. पुण्या-मुंबईच्या घरांतून 'आम्हाला मराठी वाचता येत नाही' म्हणणारी पोरं मोठी होऊन हेच विचारताना मी ऐकली आहेत, आणि त्यांच्यावर तर कुणी दंडुका घेऊन आलेलं नव्हतं.

आजीकडे कायमचं पाठवण्याबद्दल मी स्पष्ट नाही म्हणते. शोनात 'कुमुशा' म्हणजे गावी, मूळ घरी. तुझ्या-माझ्या 'गावाकडे' या शब्दाला इतका चपखल जोड मला दुसऱ्या कुठल्या भाषेत भेटलेला नाही. तिथे जमीन असते, पूर्वजांच्या कबरी असतात, आणि शहरात कितीही वर्षं काढली तरी 'घर कुठे' या प्रश्नाचं उत्तर तेच असतं. पण ते आईचं कुमुशा आहे. मुलगा तिथे गेला की त्याच्या शोनाला झुलूचा हेल आहे म्हणून तिथली पोरं हसणार, आणि 'जोनीवरून आलाय' म्हणून त्याच्याकडे नवे बूट मागणार. जोनी म्हणजे जोहान्सबर्ग, तिकडचं लाडाचं नाव. इथून सुट्टीला जाणाऱ्यांसाठी झिम्बाब्वेतल्या न्देबेले बोलणाऱ्यांत 'इंजिवा' असा खास शब्द आहे. आपल्या कोकणात गणपतीला उतरणारा चाकरमानी डोळ्यांपुढे आण, चटकन कळेल. त्याचं स्वागत होतं, त्याच्या पिशव्या उघडल्या जातात, आणि तो परत कधी जाणार हेही विचारलं जातं. म्हणून डिसेंबरची सुट्टी आजीकडे, हो. सरहद्दीवरच्या बाइटब्रिजच्या नाक्यावर रात्रभर बस उभी राहते, तीही त्याने बघावी. शाळा इथेच.

क्लिनिकचं मात्र बोलण्यावर सोडू नका. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेतलं २७वं कलम आरोग्यसेवा 'प्रत्येकाला' देतं, 'प्रत्येक नागरिकाला' नव्हे. गरोदर बाईला आणि सहा वर्षांखालच्या मुलाला सरकारी दवाखान्यात मोफत उपचार आहेत, पासपोर्ट कुठलाही असो. आणि २०२५च्या नोव्हेंबरात जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने 'ऑपरेशन डुडुला' या स्थलांतरितविरोधी संघटनेविरुद्धच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की ओळखपत्र मागण्याचा अधिकार पोलिसांना आणि इमिग्रेशन अधिकाऱ्यांना आहे, फाटकावर उभ्या राहिलेल्या खासगी माणसांना नाही. (डुडुला म्हणजे झुलूत 'ढकलून द्या'. नावातच सगळं आलं.) कागदावरचा निकाल फाटकापर्यंत पोचायला वेळ लागतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तेव्हा बहिणीने एकटीने जाऊ नये. तू सोबत जा, सुट्टी टाकून. तू बाजूला उभी असलीस की तिथली भाषा बदलते, हे अन्यायाचंच आहे, पण गरोदर बाईच्या उपयोगाचं आहे. हुज्जत घालू नकोस, धक्काबुक्कीची चिन्हं दिसली तर सरळ माघारी फिरा आणि 'लॉयर्स फॉर ह्यूमन राइट्स'च्या जोहान्सबर्ग कार्यालयात जा. तिथे मोफत सल्ला मिळतो.

मैत्रिणीच्या परवान्याची मुदत कधी संपते हेही विचार. झिम्बाब्वेच्या सुमारे १ लाख ७८ हजार लोकांकडे जो खास सवलतीचा परवाना आहे, तो २००९-१० पासून नावं बदलत आणि शेवटच्या घटकेला मुदती वाढवत चालत आला आहे. तसा परवाना असला की सगळं आयुष्य मुदतींच्या तुकड्यांत चालतं. सोफा घ्यावा की नाही इथपासून विचार करावा लागतो. कंपनीकडून पत्र लागणार असेल तर ते वेळेत निघेल एवढं बघणं तुला अकाउंट्समध्ये बसून सहज जमेल.

राहता राहिलं आपलं वाटण्याचं. बारा वर्षांनीही जोहान्सबर्ग तिला आपलं म्हणणार नसेल, तर तिने त्याची वाट बघत बसू नये असं मला वाटतं. एवढ्या मोठ्या शहराकडे तोंड करून 'मला घे' म्हणत राहण्यात फार ताकद जाते. वीस माणसं पुरतात. तिच्याकडच्या बायका 'मुकांदो' करतात, दरमहा ठरावीक पैसे एकत्र टाकायचे आणि पाळीपाळीने एकीने उचलायचे. म्हणजे आपली भिशी. दक्षिण आफ्रिकेतल्या बायका हेच करतात, त्याला 'स्टॉकफेल' म्हणतात, आणि गल्लीगल्लीत असतात. ऑफिसात जेवढ्या बायका आहेत त्यांचा एक स्टॉकफेल तू काढ. तू काढ, कारण तिने काढला तर संशय येईल. आपल्या पैशाचा हप्ता जिच्या हातात विश्वासाने दिला आहे, तिला मक्वेरेक्वेरे म्हणणं जड जातं. म्हणणारे तरीही म्हणतात, पण जड जातं.

झिम्बाब्वेच्या लोकांची इथे अंत्यविधीची मंडळंही असतात. दरमहा वर्गणी, आणि कुणी गेलं तर देह गावी पोचवायचा खर्च मंडळ करतं. लालबाग-परळच्या चाळींत गावागावांच्या मंडळांच्या खोल्या होत्या, अडीअडचणीला गावकीचाच आधार होता, तशीच ही गोष्ट. ती अशा मंडळात नसेल तर असावी. अभद्र वाटेल, पण 'मी मेले तर मला कोण नेईल' या प्रश्नाला उत्तर मिळालं की परक्या गावात झोप बरी लागते. आणि रविवारी कधी गाडीतून जाताना माळरानावर झाडाखाली पांढरे झगे घातलेली माणसं प्रार्थना करताना दिसली तर गाडी हळू कर. ते बहुतेक तिच्याकडचे अपोस्टॉलिक पंथाचे लोक असतात. देऊळ नाही, भिंत नाही, आणि तेवढे दोन-तीन तास कुणी कुणाचा हेल ऐकत नाही.

हे फक्त दक्षिण आफ्रिकेतच होतं असंही तिला वाटू देऊ नकोस. १९६९ मध्ये घानाने परदेशी लोकांना देशाबाहेर काढलं, त्यात सर्वांत जास्त नायजेरियाचे होते. १९८३ मध्ये नायजेरियाने दहा लाखांच्या आसपास घानावासीयांना हाकललं. त्या घाईत लोकांनी ज्या स्वस्त, चौकड्यांच्या, चेनवाल्या नायलॉनच्या पिशव्यांत संसार कोंबला, त्यांना पश्चिम आफ्रिकेत आजही 'घाना मस्ट गो' म्हणतात. तीच पिशवी तुला जोहान्सबर्गच्या पार्क स्टेशनवर हरारेच्या बसशेजारी ढिगाने दिसेल. आपल्याकडे माळ्यावर गाद्यागिरद्या ठेवायला वापरतात ती हीच.

आता तुझं काम, फार थोडं आहे. डब्यात तिने साद्झा आणला तर 'हे इथलं पॅपच ना' म्हणू नकोस. दोन्ही पांढऱ्या मक्याचंच, पण पॅप आणि साद्झा एक म्हणणं म्हणजे उकड आणि भाकरी एक म्हणणं. साद्झा घट्ट असतो. लाकडी दांड्याने घोटून घोटून हात भरून येतात. बोटांनी गोळा करून पालेभाजीला लावून खायचा असतो, तेव्हा चमचा ठेवून दे. ऑफिसातली विशीतली मुलगी तिला नुसत्या नावाने हाक मारते, हेही तिला खुपत असणार. तिच्याकडे बाई आई झाली की मुलाच्या नावाने ओळखली जाते, 'अमक्याची माई'. हो, शोनातही माई म्हणजे आईच. तू तिला तिच्या मुलाच्या नावाआधी माई लावून हाक मारायला लाग. आणि आपल्यासारखंच तिच्या भाषेतही मान द्यायचा तर अनेकवचन लागतं, हे लक्षात ठेव. तू मला अगं-तुगं करायला सांगितलंस, तिला तू करू नकोस.

सोमवारी सकाळी तिच्या टेबलाशी जाऊन विचार, "मारारा सेइ?" झोप कशी झाली? ती दचकेल, कदाचित इकडेतिकडे बघेल. मग नेहमीचं उत्तर देईल, "न्दारारा काना मारारावो." तुम्ही नीट झोपला असाल, तर मीही नीट झोपले.

– तुझी ताई